गुरुलिंगण्णांनी उघडलेले डोळे

दुधनीच्या बाजारात, तुरीच्या अडतीची ओळ संपते तिथं, शोभा फोटो स्टुडिओची पाटी अजून आहे. आत आता झेरॉक्स निघतात, लॅमिनेशन होतं, आधार कार्डाच्या रंगीत प्रिंटा मिळतात. फोटो काढून घ्यायला फारसं कुणी येत नाही. स्टुडिओचे मालक गुरुलिंगण्णा सत्तरीला टेकलेत. कपाळाला विभूती, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि बोलताना दोन वाक्यं मराठीत झाली की तिसरं कन्नडमध्ये जाणार. समोरचा गोंधळला की त्यांना मजा वाटते. त्यांची मुलगी पायल सोलापुरात माझ्याकडं पत्रकारिता शिकायला आली, तेव्हापासूनची आमची ओळख. तीन-चार वर्षांत हा माणूस मला पुरता कळला असं मी समजत होतो. मास्तर लोकांना असं समजायची खोडच असते.

अण्णांचा धंदा लग्नांवर आणि मयतांवर चालला. लग्नाची कामं पुढं ड्रोनवाल्या पोरांनी पळवली. मयताची मात्र अण्णांकडंच राहिली, कारण ते काम येरागबाळ्याचं नाही. आमच्या त्या भागात बऱ्याच घरांतून गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. अंघोळ घालायची, नवं कापड नेसवायचं, कपाळाला विभूती लावायची, गळ्यात हार घालायचा आणि पाठीला आधार देऊन सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, भिंतीशी बसवायचं. लांबचे पाहुणे पोचेपर्यंत भजन चालू राहतं. मग माती द्यायला नेण्याआधी सगळं घर त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहतं आणि फोटो निघतो. हा फोटो काढण्यासाठी अण्णांनी चाळीस वर्षं आसपासची तीसेक गावं आधी सायकलवर आणि मग लुनावर पालथी घातली. तापात गेले, उपाशीपोटी गेले, एकदा तर स्वतःच्या साखरपुड्यातून उठून गेले.

कित्येक म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जन्मातला तो एकुलता एक फोटो असायचा. आठवड्याभरानं घरचं कुणीतरी स्टुडिओत यायचं, भिंतीवर लावायला मोठा करून द्या म्हणायचं, आणि जरा घुटमळून पुढं म्हणायचं, "आण्णा, तेवढं डोळं उगडा की."

अण्णा डोळे उघडून द्यायचे. बारीक कुंचला, भिंग, काळा-पांढरा रंग आणि दोन दिवसांचं काम. पण कुंचला हातात घेण्याआधी ते घरच्यांना बसवून विचारायचे. नजर कशी होती? कडक होती का हसरी? बोलताना समोरच्याकडं बघायचा का जमिनीकडं? बायकोचं उत्तर एक, पोराचं दुसरं. अशा वेळी अण्णा बायकोचं धरायचे. पोरांना बापाचे डोळे मार खातानाच दिसलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. फ्रेम घरी गेली की बायका तिच्यापुढं पदर सावरून उभ्या राहायच्या, आणि अण्णा बाहेर बाजेवर बसून ऐटीत चहा प्यायचे.

गेल्या हिवाळ्यात डेन्मार्कमधल्या एका माध्यमशाळेतून सहा विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी आमच्या विभागात आले. परक्या मुलखातल्या माणसांची गोष्ट खोटेपणा न करता आणि त्यांचा मान राखून कशी सांगावी, हे त्यांना प्रत्यक्ष माणसांत राहून शिकायचं होतं. मला आधी हसू आलं. एवढं विमानाचं भाडं भरून यायचं आणि सोलापुरात हुरडा खात नीती शिकायची! पण त्यांनी आणलेली नियमावली मी बसून वाचली आणि हसू आवरलं. पहिले तीन दिवस कॅमेरा बाहेर काढायचा नाही. ज्याचा चेहरा दाखवायचा त्याची परवानगी घ्यायची. तो हयात नसेल तर त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाची. परवानगी मागताना आपण काय आणि कुठं दाखवणार ते सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. आणि आपल्या कामानं कुणाला इजा होऊ द्यायची नाही. मी उमेदीत बातमीदारी केली तेव्हा लोकांच्या ताटापर्यंत कॅमेरा नेला होता, त्यामुळे वाचताना माझी जरा चरफडच झाली.

परवानगीच्या कागदाबद्दल मात्र माझी तक्रार होती आणि मी ती पहिल्याच दिवशी त्या पोरांना ऐकवली. आमच्याकडं दारात आलेल्या पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. कागद पुढं केला की माणूस सही करतो, नाहीतर अंगठा उठवतो, आणि चहात साखर किती घालू विचारतो. त्यांनी हे वहीत लिहून घेतलं. ती पोरं सगळंच वहीत लिहून घ्यायची.

त्यांतली इडा नावाची बावीस वर्षांची मुलगी अण्णांवर फिल्म करायला दुधनीत राहिली. पायल दुभाषी म्हणून तिच्याबरोबर, आणि मी दोन दिवसांआड खेप मारायचो. पहिले तीन दिवस इडा नुसती स्टुडिओतल्या स्टुलावर बसून राहिली. अण्णांना ते अपमानासारखं वाटलं. "हिचा क्यामेरा बिघडलाय काय?" असं त्यांनी मला फोन करून विचारलं. चौथ्या दिवशी तिनं कॅमेरा काढला, कागद पुढं केला, अण्णांनी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत सही ठोकली आणि माळ्यावरून बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे खाली घेतले. डब्यांत गेल्या चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह आणि फोटो होते. त्या दिवशी मीही तिथंच होतो.

अण्णा रंगात आले होते. प्रत्येक पाकिटात दोन फोटो. एक मिटल्या डोळ्यांचा, मयताच्या दिवशीचा. दुसरा उघड्या डोळ्यांचा, त्यांनी केलेला. इडा एकेक जोडी टेबलावर मांडून कॅमेऱ्यानं टिपत होती. शेवटच्या डब्यातलं एक पाकीट अण्णांनी बाजूला ठेवलं होतं. इडानं त्याकडं बोट केलं. अण्णा जरा थांबले, पण कारागिराला आपलं सगळ्यात चांगलं काम दाखवायचा मोह कुठं आवरतो? त्यांनी तेही उघडलं.

सहा वर्षांची एक मुलगी. एका फोटोत डोळे मिटलेली, दुसऱ्यात थेट आपल्याकडं बघणारी. दुसरा फोटो इतका जिवंत होता की मला पहिल्याकडं बघवेना. बाकीच्या फोटोंत लक्ष देऊन बघितलं तर कुंचल्याचा हात कळायचा. इथं काही कळत नव्हतं.

इडानं इंग्रजीत विचारलं आणि पायलनं मराठीत सांगितलं, "आप्पा, ती विचारतीय, ह्ये डोळं कुणाचं?"

"कुंचल्याचं म्हणून सांग."

"कुंचल्याचं न्हाईत, आप्पा. मला बी कळतंय की."

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, परत घातला. "तुजं हाईत," ते म्हणाले.

पायलनं याचं इंग्रजी केलं नाही. इडा माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा मला करावं लागलं.

मग अण्णांनी सगळं सांगितलं. कॅमेरा चालू होता. दुधनीपासून आठ किलोमीटरवरच्या गावात सिद्धप्पा आणि मायाक्का हे जोडपं. त्यांना एकच मुलगी, प्रियंका. दोन हजार पाच सालच्या उन्हाळ्यात गावात उलट्या-जुलाबाची साथ आली आणि मायलेकी दोघी पडल्या. मायाक्काची शुद्ध हरपली म्हणून तिला सोलापूरला दवाखान्यात नेलं. पोरगी जरा बरी वाटत होती म्हणून आजीपाशी ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी तीच गेली. आई सोलापुरात बेशुद्ध. पोरीला बसवलं, विभूती लावली, अण्णांनी जाऊन फोटो काढला आणि संध्याकाळी माती दिली. सोळा दिवसांनी मायाक्का घरी आली तेव्हा तिला सांगितलं.

तिनं फोटो मागितला. पोरीचा जिवंतपणीचा एकही फोटो नव्हता, आणि होता तो शेवटचा. दवाखान्यातून अर्धी होऊन आलेली बाई तो बघून जगणार नाही असं घरच्यांना वाटलं. सिद्धप्पा अण्णांकडं आला आणि म्हणाला, डोळे उघडून दे. आजारी पडायच्या आधी शाळेत काढलेला म्हणून सांगू, मयताचा फोटो काढलाच नाही म्हणून सांगू. अण्णांनी कुंचल्यानं तीनदा डोळे काढले. तिन्ही वेळा म्हाताऱ्या बाईचे डोळे झाले. शेवटी त्यांनी स्वतःच्या पाच वर्षांच्या पोरीला खुर्चीत बसवून फोटो काढला, मापानं मोठा केला, ब्लेडनं डोळे कापून प्रियंकाच्या चेहऱ्यावर चिकटवले, कडा रंगानं बुजवल्या, हार, वेणी, फ्रॉक छाटून नुसता चेहरा ठेवला आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. तो वीस वर्षं मायाक्काच्या भिंतीवर आहे. मयताच्या दिवशी तिथं चाळीस-पन्नास माणसं उभी होती. त्यांतल्या एकानंही मायाक्कापुढं कधी तोंड उघडलं नाही. एवढी एकजूट मी त्या तालुक्यात निवडणुकीतही बघितलेली नाही. सिद्धप्पा सहा वर्षांपूर्वी वारला आणि तोही न बोलताच गेला.

पायल उठून बाहेर गेली. मी पाठोपाठ गेलो. मायाक्का कडक भाकरी करून दुधनीतल्या एका दुकानाला देते. दर बाजारी येते आणि आल्यावर स्टुडिओत डोकावल्याशिवाय जात नाही. लहानपणापासून पायलसाठी तिच्या पदराला शेंगदाण्याचा लाडू बांधलेला असायचा, पंचमीला बांगड्या असायच्या. पायल तिला मावशी म्हणते.

"मला वाटायचं मी तिला आवडते," पायल म्हणाली. "सर, ती माज्याकडं बघताना कुणाकडं बघत व्हती?"

वर्गात मी या मुलीला प्रश्न विचारायला शिकवलं होतं, उत्तरं द्यायला मीच शिकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी इडा नियमावली घेऊन माझ्यासमोर बसली. फोटोंची ती जोडी तिच्या फिल्मचा जीव होती, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण प्रियंकाचा चेहरा दाखवायचा तर आईची परवानगी पाहिजे. परवानगी मागायची तर सगळं सांगितलं पाहिजे. आणि सांगितलं की त्या बाईच्या भिंतीवरची मुलगी खोटी होणार. मी जरा वडीलकीच्या सुरात म्हणालो, "काढून टाक. काही गोष्टी न सांगण्यातच शहाणपण असतं." तिनं वाद घातला नाही, लगेच हो म्हणाली. आम्ही दोघं ते सांगायला अण्णांकडं गेलो. अण्णांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. त्यांनी चहा मागवला.

चहा पिताना इडानं सहज विचारलं, आणि पायलनं सहजच सांगितलं, "आप्पा, ती म्हणतीय, त्या येळला आईला कुणी विचारलं व्हतं का? तिला कुटला फोटो पायजे म्हणून?"

"तिला काय विचारायचं?" अण्णा म्हणाले. "ती अर्दी मेलेली व्हती."

इडानं मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. पण मला तिचा राग आला. इथली माणसं, इथली दुःखं ठाऊक नसताना चार दिवस राहून असा प्रश्न टाकायचा म्हणजे काय! स्टुडिओतून बाहेर पडताना मी तिला तसं बोललोही. ती ऐकून घेऊन म्हणाली, मी चुकले असेन. तिनं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन आला.

"सर, गाडी घिऊन या. मायाक्काकडं जायचंय."

"कशाला?"

"सांगायला."

मी हबकलो. म्हणालो, "अण्णा, त्या बाईकडं लेकीचा तेवढा एक फोटो आहे. या वयात तोही काढून घेणार का? आणि ती तुम्हाला पुन्हा दारात उभं करेल का?"

"न्हाय करायची कदाचित," अण्णा म्हणाले. "सर, वीस वर्सं मला वाटत आलं मी पुण्य केलंय. त्या पोरीनं विचारल्यापास्नं मला जेवण ग्वाड लागंना. सिद्धप्पाला बायकूच्या म्होरं उबं ऱ्हायचं बळ न्हवतं. मला बी न्हवतं. त्यो फोटो आमी तिच्यासाटी केलाच न्हाय. आमच्यासाटी केला."

मी गाडी काढली.

इडा आमच्याबरोबर आली, पण कॅमेरा स्टुडिओतच ठेवून आली, आणि गावाच्या देवळापाशी गाडीतच बसून राहिली. मी, अण्णा आणि पायल चालत गेलो. मायाक्का अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होती. पापुद्र्याइतकी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजून घ्यायची आणि चुलीच्या कडेला निखाऱ्यापाशी उभी करून कडक होऊ द्यायची. बाजूला दुरडीत चळत लागली होती. आत सोप्यातल्या भिंतीवरची फ्रेम अंगणातून दिसत होती.

"या आण्णा. सर बी आलाव व्हय? बसा की. पायल, तू का गं भाईर उबी?"

पायल कुडाच्या दाराशीच थांबली होती. अण्णा पोत्यावर बसले. त्यांनी पाणी घेतलं नाही. प्रस्तावना केली नाही. सिद्धप्पा स्टुडिओत आला तिथून सुरू करून, तीनदा काढलेले डोळे, मग पायलचे डोळे, शाळेत काढल्याची थाप, सगळं एका दमात सांगितलं. मायाक्काचे हात चालूच होते. एक भाकरी तिनं उलटली, चुलीच्या कडेला लावली, दुसरी थापायला घेतली आणि थापता थापता थांबली.

"म्हंजी तवा फोटो काडला व्हता?"

"व्हय."

"पिरेंकाचा."

"व्हय, मायाक्का."

"आन् मला म्हणलासा काडला न्हाय."

अण्णांनी मान खाली घातली. मला वाटलं आता ती भिंतीकडं बघेल, डोळ्यांचं काही विचारेल. तिनं भिंतीकडं मान वळवलीसुद्धा नाही.

"कुटं हाय त्यो?"

अण्णांनी पाकीट आणलं होतं. मागितला तर असावा, नाही मागितला तर तसाच परत न्यावा, असा त्यांचा विचार होता. मायाक्का उठली. हात धुतले, पदराला पुसले, परत बघितले, परत पुसले. मग फोटो घेतला आणि उन्हाकडं पाठ करून उभी राहिली. तव्यावर काही नव्हतं, तरी तिनं पायानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.



"येणी ढिली घातलीया," ती म्हणाली. "कुणी घातली?"

"तुमच्या सासूबाईनी."

"म्हातारीला कवा येणी घालाय आली न्हाय." तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "फ्रॉक माजाच हाय. मी शिवलेला. बरं झालं ह्योच घातला." बोट फोटोवरून फिरत होतं. ते एका जागी थांबलं. "आण्णा, ह्यो हात कुणाचा?"

मीही वाकून बघितलं. मुलीच्या मानेमागं, सैल वेणीच्या खालून, चार बोटं दिसत होती. मागं धोतराचा पडदा लावला होता आणि त्यामागच्या माणसानं तिची मान सरळ धरली होती. भिंतीवरच्या फोटोत हे काहीच नव्हतं. अण्णांनी ते छाटलं होतं.

"सिद्धप्पाचा," अण्णा म्हणाले. "मान कलंडत व्हती. मी म्हणलं, फोटोपुरतं कुणीतरी मागनं धरा. त्यो बसला. फोटो झाल्यावर मी म्हणलं, आता सोड. त्यानं सोडलं न्हाय. पाव्हणं येईस्तवर, पार दिवस मावळायला गेला, त्यो पडद्यामागं तसाच हात लावून बसला व्हता. शेवटी चौगांनी मिळून हात काडून घेतला त्याचा."

मायाक्का खाली बसली. पाय दुमडून, लहान पोर बसतं तशी.

"मी ह्या मानसाला मरंस्तवर बोलले आण्णा," ती म्हणाली. "तुला लेकीची माया न्हवती म्हणले. मी दवाखान्यात आन् तू घाईघाईनं पुरून मोकळा झालास म्हणले. एकदा तरी हात लावलास का तिला, म्हणून इचारलं. असला ल्योक जल्माला घातला म्हणून त्याच्या आईला बी बोलले. त्यो गप ऱ्हायचा. मला वाटायचं, मनात पाप हाय म्हणून गप हाय." आणि मग ती रडली. तिचं रडणं ऐकून शेजारची एक म्हातारी कुडाशी येऊन उभी राहिली, आत काय चाललंय ते तिनं फोटोवरून ओळखलं असावं, आणि परत फिरली. मी तोंड फिरवून उभा राहिलो. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"चुकलं आमचं," अण्णा म्हणाले.

"चुकलंच!" मायाक्का एकदम उसळली. "तुमी समद्यांनी माज्यावर दया केली. मला इचारलं न्हाय. मरायची तर मेले असते की. लेकीचं त्वांड बघून मेले असते. ह्याचा हात बघितला असता तर ह्या मानसासंगं चार सबूद नीट बोलले असते. तुमी त्यो हात कापून टाकला आण्णा."

चाळीस वर्षं लोकांनी ज्याच्या हाताला नमस्कार केला तो माणूस पोत्यावर हात मांडीत घेऊन बसून राहिला.

मायाक्कानं डोळे पुसले आणि पायलला हाक मारली. पायल आत आली, पण चार पावलांवर थांबली. मायाक्कानं हात धरून तिला खाली बसवलं, तिच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तू का रडतीस? तुजी काय चूक गं? मी लाडू तुला दिलं, डोळ्यास्नी न्हाय." मग भाकरीची दुरडी तिच्याकडं सरकवली. "ह्ये दुकानात पोचीव. मला आज येणं व्हायचं न्हाय."

परतीच्या वाटेवर माझ्यातला बातमीदार जागा झाला. मला ते सांगतानाही ओशाळं वाटतं, पण खरं तेच सांगतो. मायाक्काला आता सगळं कळलं होतं, म्हणजे परवानगी मागायला अडचण उरली नव्हती. आणि मानेमागचा तो हात ज्या फिल्ममध्ये असेल ती फिल्म जगात कुठंही उभी राहिली असती. मी इडाला म्हणालो, दोन दिवस जाऊ दे आणि जाऊन विचार. ती म्हणाली, मला विचारायची इच्छा नाही. मी म्हणालो, आपण न विचारताच तिच्यासाठी ठरवलं तर सिद्धप्पानं आणि अण्णांनी केलं तेच आपण केलं. तिनं तेही वहीत लिहून घेतलं आणि मला आपण फार मुद्द्याचं बोललो असं वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही चौघं पुन्हा गेलो. मायाक्का ओसरीवर सुपात शेंगदाणे निवडत होती. भिंतीवरची फ्रेम होती तिथंच होती. अण्णांनी तिकडं बघितलेलं तिला दिसलं.

"ऱ्हाऊ दे त्यो तितंच," ती म्हणाली. "येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला त्यो हाय."

दुसरा फोटो कुठं दिसत नव्हता, आणि आमच्यापैकी कुणी विचारलाही नाही.

इडा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि कागद काढण्याआधी सगळं सांगायला लागली. काय दाखवायचंय, कुठं, किती लोक बघतील, त्यांतले बहुतेक कोण असतील. पायल एकेक वाक्य मराठीत करत होती. मायाक्कानं शेंगदाणे निवडत ऐकून घेतलं. मी चहाची वाट बघत होतो, कारण आता सही होणार आणि चहा येणार, एवढा अनुभव मला होता.

"हिला इचार," मायाक्का पायलला म्हणाली, "न्हाय म्हणलं तर चालंल का?"

इडा म्हणाली, चालेल.

"राग न्हाय ना येणार हिला? एवड्या लांबनं आलीया."

नाही येणार, इडा म्हणाली.

"मग न्हाय," मायाक्का म्हणाली. तिनं सूप खाली ठेवलं. "त्या दिशी अख्ख्या गावानं तिला बघितलं. पाव्हण्यांनी बघितलं, भजनवाल्यांनी बघितलं, फोटोवाल्यानं बघितलं. मी एकलीनं तेवडं बघितलं न्हाय. आता मी बघती. दुसऱ्या कुणी बघायचं न्हाय."

पायलनं ते इंग्रजीत सांगितलं. इडानं कोऱ्या कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला, आणि अण्णांनी शर्टाच्या खिशातून त्या फोटोच्या निगेटिव्हचं पाकीट काढून मायाक्काच्या हातात दिलं.